प्लास्टरमावशीची पुढल्या वर्षाची योजना

हॉस्पिटल वाढत होतं हे कुणी सांगायला नको होतं. जिथे पूर्वी सायकली लावायचे तिथे आता सात मजले उभे होते, आठव्याचं काम चालू होतं, आणि मेडिकल कॉलेजच्या जागा शंभराच्या दीडशे झाल्या होत्या. वाढली नव्हती ती एकच गोष्ट, तळमजल्यावरची प्लास्टरची खोली. दोन खाटा, एक सिंक, तीन बादल्या आणि कंबरेइतक्या उंचीपर्यंत पांढरे शिंतोडे उडालेल्या भिंती. या खोलीत एकतीस वर्षं मोडलेली हाडं बांधत आलेल्या बाईला सगळं हॉस्पिटल प्लास्टरमावशी म्हणायचं. डीनसाहेबसुद्धा.

मावशी इथे लागली ती फरशी पुसायला. तेव्हाच्या प्लास्टरवाल्यांची कंबर धरायची, म्हणून ते तिला पेशंटचा पाय उचलून धरायला बोलवायचे. पाय धरता धरता तिने सगळं बघून घेतलं. पाणी किती कोमट हवं, पट्टी बुडवल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत कसं थांबायचं, आणि गुंडाळताना ओढायचं नाही, नुसतं सोडत जायचं. पुढे हॉस्पिटलने तिला परीक्षा द्यायला लावली, ती तिने दिली, आणि प्लास्टरवाले निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची तिच्याकडे आली. खुर्ची म्हणजे स्टूलच होतं. तोंडाने ती फटकळ. एका बड्या सर्जनला तिने चार विद्यार्थ्यांदेखत सांगितलं होतं की साहेब, मोडलाय तो दुसरा पाय. सर्जन पुढची वीस वर्षं तिच्याशी जपून बोलला.

तिचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण चोवीस वर्षं चुकला नव्हता. हाडांच्या विभागात नवे शिकाऊ डॉक्टर आले की पहिल्या आठवड्यात मावशी त्यांना एकमेकांच्या धडधाकट हातांना प्लास्टर घालायला लावायची. ते एक दिवस आणि एक रात्र अंगावर वागवायचं. त्याच हाताने जेवायचं, त्याच हाताने केस विंचरायचे, त्याच हाताने पेशंट तपासायचे. आणि ज्याने घातलं त्याने चार तासांच्या आत स्वतःहून येऊन बोटं बघायची. बोलावण्याची वाट बघायची नाही. आला नाही तर त्याला दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांना प्लास्टर.

डॉक्टर कुरकुरायचे, एकमेकांना हसायचे, आणि करायचे. आत्ताचे विभागप्रमुखही त्यातून गेले होते. सोळा वर्षांपूर्वी प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून त्यांनी लाकडी पट्टीने खाजवलं आणि पट्टी आत अडकवून घेतली. ती मावशीने बाहेर काढली, आणि काढता काढता वॉर्डभर सांगितलंही. विभागप्रमुख झाल्यावर ही गोष्ट निघाली की ते घड्याळ बघायचे.

पण गेल्या उन्हाळ्यात एका शिकाऊ डॉक्टरने डीनच्या कचेरीत लेखी तक्रार दिली. आपण डॉक्टर आहोत, शाळकरी पोर नाही, आणि एका तंत्रज्ञ बाईने आपल्याला शिक्षा केल्यासारखं वागवावं हे कुठल्या नियमात बसतं, असं त्याने विचारलं होतं. त्याचं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. त्याच आठवड्यात त्याची आई आजारी होती आणि तो एका हाताने सामान उचलत गावी गेला होता. मावशीला हे आधी कळलं असतं तर तिने त्याला सोडलं असतं. तिला कळलं नाही, कारण तिने विचारलं नाही, आणि हे तिला स्वतःला लागलं होतं.

डिसेंबरात फॉर्म आला. वर्षअखेरीचा आढावा या वेळी प्रत्येक खोलीने, प्रत्येक विभागाने द्यायचा होता, कारण हॉस्पिटलला कुठलासा मोठा दर्जा मिळवायचा होता. गेल्या वर्षातील उल्लेखनीय कामगिरी, या रकान्यात मावशीने लिहिलं, "हाडं सरळ जुळली." आव्हाने, या रकान्यात, "सिंक तुंबतं." पुढील वर्षाची योजना, या रकान्यात एकच शब्द, "हेच." कचेरीतला कारकून फॉर्म परत घेऊन आला. किमान पाच ओळी हव्यात, संगणक पुढे जाऊ देत नाही, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला. मावशीने "हेच" खाली आणखी चार वेळा "हेच" लिहून दिलं. संगणक पुढे गेला.

आढावा बैठक नव्या इमारतीच्या सभागृहात होती. खुर्च्यांना अजून प्लास्टिक होतं, बसलं की कुरकुर वाजायचं. प्रत्येक विभागाला पाच मिनिटं. पडद्यावर एकामागून एक आलेख येत होते आणि सगळे वरच चढत होते. पेशंट वाढले, ऑपरेशनं वाढली, शोधनिबंध वाढले. मावशी मागच्या रांगेत वॉर्डमामाच्या शेजारी बसली होती. वॉर्डमामा म्हणजे हाडांच्या वॉर्डातले जुने सेवक, तिच्याच वर्षी लागलेले, स्वभावाने भित्रे. मेलेल्यांचा आलेख कुठे दिसत नाही, असं ती त्यांच्या कानाशी कुजबुजली. मामांनी इकडेतिकडे बघितलं आणि ऐकलंच नाही असं केलं.

हाडांचा विभाग सातवा होता. विभागप्रमुख चांगलं बोलायचे. चौथ्या मजल्यावर नवी प्लास्टरची खोली होणार, वातानुकूलित, हे त्यांनी सांगितलं, आणि मावशीला बरं वाटलं. मग पडद्यावर एक रबराचा हात आला. शिकाऊ डॉक्टरांसाठी असे चौदा हात येणार होते. प्लास्टर घट्ट झालं की आत लाल दिवा लागतो. आणि म्हणून, विभागप्रमुख म्हणाले, शिकाऊ डॉक्टरांच्या हातांना प्लास्टर घालण्याची जुनी पद्धत एक जानेवारीपासून बंद करण्यात येत आहे. टाळ्या वाजल्या. तक्रार करणारा डॉक्टर तिसऱ्या रांगेत होता, त्याने मात्र वाजवल्या नाहीत.

मावशी उभी राहिली. मामांनी तिची बाही धरली, ती तिने सोडवून घेतली.

डीनसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, आपण नंतर बोलू."

"नंतर मी विसरणार नाही, साहेब. तुम्ही विसराल."

सभागृहात थोडं हसू झालं. मावशी हसली नाही. तिने सांगितलं की दिवा चांगला आहे, पण रबराचा हात घट्ट झालं की लगेच दिवा लावतो. मोडलेला हात प्लास्टर घालताना ठीक असतो. तो सुजतो सहा तासांनी, आठ तासांनी, पेशंट घरी गेल्यावर. तेव्हा पेशंट म्हणतो दुखतंय, आणि डॉक्टर म्हणतो, मोडलाय म्हटल्यावर दुखणारच. ज्याने एक दिवस हात कोंडून घेतलाय तो असं म्हणत नाही. तो उठून बघायला येतो.

विभागप्रमुखांनी आवाज न चढवता आकडा काढला. गेल्या सोळा वर्षांत विभागात प्लास्टरबद्दल पेशंटची एकही गंभीर तक्रार नाही.

खरं म्हणजे हा आकडा मावशीच्याच बाजूचा होता, आणि ती तसं म्हणून बसू शकली असती. पण तिच्या डोक्यात भलतंच उठलं. चोवीस वर्षं तिने जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून दीडशे माणसांसमोर बाहेर पडलं.

"तक्रार नाही म्हणजे चूक नाही, असं कुठे असतं?" ती म्हणाली. "माझ्या चुकीची तरी कुठे तक्रार आली होती?"

मग तिने ती चूक सांगितली. शिवणकाम करणारी एक बाई, वय अठ्ठावीस, उजव्या हाताचं हाड मोडलेलं. प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बहिणीला घेऊन आली, हात ठणकतोय म्हणाली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मावशीने स्वतःच प्लास्टर मनगटापासून कोपरापर्यंत उभं कापलं, बोटभर फाकवलं, आणि आता आराम पडेल असं सांगून घरी पाठवलं. पण प्लास्टरच्या आतला कापूस तिने कापला नाही. जखमेचं रक्त लागून तो वाळला होता, दोरखंडासारखा कडक झाला होता. वरून प्लास्टर उघडं आणि आत हात तसाच आवळलेला. बाई तिसऱ्या दिवशी परत आली. हात वाचला. बोटं मात्र मुडपली ती मुडपलीच. सुईत दोरा ओवता येणार नाही, अशी. कागदावर दुखापतीचा परिणाम म्हणून लिहिलं गेलं आणि कुणी काही विचारलं नाही.

"त्या बाईने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," मावशी म्हणाली. "तिने जाताना माझे आभार मानले."

सभागृहातल्या प्लास्टिकची कुरकुरसुद्धा थांबली होती. डीनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ही गंभीर बाब आहे, बैठकीच्या कामकाजात याची नोंद करावी लागेल आणि लेखी खुलासाही मागवावा लागेल, असं ते जड आवाजात म्हणाले. मावशीने त्यांना तारीख सांगितली, वारही सांगितला, आणि बसली. ठराव मात्र मंजूर झाला. पद्धत बंद.

घरी नवऱ्याने डोक्याला हात लावला. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता, आणि बायकोच्या निवृत्तीला उरलेले अकरा महिने कॅलेंडरवर तिच्यापेक्षा तोच जास्त मोजायचा. चौकशी लागली, घरी बसवलं, तर एवढ्या वर्षांच्या कामाची माती होईल, असं त्याने नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. लेकीचाही फोन आला, ती बापाच्या बाजूने बोलली. मावशीने दोघांचं ऐकून घेतलं. मग नवऱ्याने वेगळ्याच आवाजात विचारलं की हे त्याला इतकी वर्षं का सांगितलं नाही. लाज वाटत होती, एवढंच ती म्हणाली. त्यानंतर अकरा महिन्यांचं नावही त्याने काढलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी परिपत्रक खोलीच्या दाराला चिकटवलेलं होतं. मावशीने ते दोनदा वाचलं, मग चष्मा लावून तिसऱ्यांदा. "प्रशिक्षणाच्या हेतूने कोणत्याही शिकाऊ डॉक्टरच्या हातास अथवा पायास प्लास्टर घालण्यात येऊ नये." ठीक आहे. आठ नवे डॉक्टर कोरे एप्रन घालून रांगेत उभे होते. मावशीने स्टूल खोलीच्या मधोमध ओढलं, त्यावर स्वतः बसली आणि डाव्या हाताची बाही वर केली.

"तुमच्या हातांना घालायचं नाही, असा हुकूम आहे," ती म्हणाली. "माझ्या हाताबद्दल त्यात काही नाही. रोज एकाने यायचं. चला, पाणी कोमट करा."

पहिल्या दिवशीचं प्लास्टर ओबडधोबड झालं, पण सैल. घालणारा डॉक्टर चार तासांत तीनदा येऊन गेला, इतका की मावशीने त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशीचं बरं होतं. सत्तावन्न वर्षांची बाई एका हाताने बादल्या उचलते, एका हाताने पेशंटचे हात बांधते, हे बघायला वॉर्डातून माणसं यायला लागली. दोन दिवसांत डाव्या हाताची कातडी लाल झाली, म्हणून तिसऱ्या दिवशी तिने उजवा हात पुढे केला.

तिसऱ्या दिवशी पाळी होती ती वर्गात पहिल्या आलेल्या मुलीची. सगळं पाठ असलेली, प्रश्न विचारायच्या आधी उत्तर देणारी, आणि हाताची घाई जबरदस्त. तिने पट्टी सोडत जायच्या ऐवजी ओढली. प्रत्येक वेढ्याला थोडी, नीटनेटकं दिसावं म्हणून. प्लास्टर दिसायला देखणं झालं. मावशीला पहिल्या वेढ्यालाच कळलं होतं. ती काही बोलली नाही. दहा वाजले होते.

अकराच्या सुमाराला कारकून लेखी खुलाशाची नोटीस घेऊन आला. पोच म्हणून सही हवी होती. मावशीने त्याला उजवा हात दाखवला आणि उद्या या म्हणाली. डाव्या हाताचा अंगठा चालेल का, असं त्याने चाचरत विचारलं. मी परीक्षा पास झालेली बाई आहे, अंगठा कशाला देऊ, असं मावशीने त्याला सुनावलं. तो नोटीस घेऊन परत गेला.

बाराला बोटं जड झाली. साडेबाराला अंगठी नसलेल्या बोटावर अंगठी आवळल्यासारखं वाटायला लागलं. एक वाजता मामा आले, त्यांनी बोटांचा रंग बघितला आणि कपाटातून प्लास्टर कापायची कात्रीच काढली.

"ठेव ती," मावशी म्हणाली.

"अगं, निळी पडलीत बोटं. हट्ट कुठे करायचा याला काही ताळतंत्र आहे का नाही?"

"ती येईल."

"आणि नाही आली तर? वरती मोठा राऊंड चाललाय. विभागप्रमुखांच्या राऊंडमधून कोण उठून येतंय?"

मावशीला खरंच दुखत होतं. ठणका कोपरापर्यंत चढला होता आणि ती मनातल्या मनात त्या मुलीला नको ते बोलत होती. स्वतःलाही. कात्री हाताशी होती, मामा कापायला तयार होते, आणि दोन वाजता हात त्यांच्या पुढे करायचा, हे तिने ठरवलं होतं. ती हट्टी होती, पण हात गमावण्याइतकी खुळी नव्हती. हात वाचला असता. फक्त मग परिपत्रक बरोबर ठरलं असतं. न सांगता, न बोलावता डॉक्टर येतच नसेल, तर रबराच्या हातावर शिकलं काय आणि माणसाच्या हातावर शिकलं काय, सारखंच. मामा घड्याळासमोर उभे राहिले. एक पन्नास झाले.

दार उघडलं ते धाडकन. मुलगी जिन्याने चार मजले पळत आली होती, तिला धाप लागली होती. तिने आधी मावशीकडे बघितलं, मग बोटांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पाठांतर उतरलं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"दुखतंय."

मुलीने नख दाबून बघितलं. रंग परत यायला वेळ लागला. तिने बोटं हलकेच सरळ केली, तेव्हा मावशीच्या तोंडून आवाज निघाला. तिने मामांच्या हातून कात्री घेतली आणि मनगटापासून वर कापत गेली. प्लास्टर फाकलं. मावशीने हात मागे घेतला नाही, काही सांगितलंही नाही. मुलगी खाली वाकली, फटीतून आत बघत राहिली, आणि मग तिने कात्रीचं बोथट टोक कापसाखाली घातलं आणि तोही कापत गेली, कातडी दिसेपर्यंत.

तेवढ्यात विभागप्रमुख दारात आले. मागे उरलेले सात डॉक्टर होते. राऊंड अर्ध्यावर सोडून, परवानगी न घेता, एका पेशंटच्या खाटेपासून मुलगी निघून गेली होती, आणि हे त्यांच्या अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच झालं होतं. ते संतापले होते, आणि तसं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलंही, हे काय चाललंय म्हणून.

मुलगी वळली नाही. तिच्या एका हातात मावशीचं मनगट होतं आणि दुसऱ्या हाताने ती एकेका नखाचा रंग तपासत होती.

"सर, मी घातलेलं प्लास्टर घट्ट झालंय," ती म्हणाली. "पेशंट बघतेय."

विभागप्रमुख आत आले. मावशी त्यांच्याकडे रोखून बघत होती, दुखण्याने डोळ्यांत पाणी आलेलं होतं तरी. त्यांनी त्या सुजलेल्या, निळ्या पडलेल्या, हळूहळू लाल होणाऱ्या बोटांकडे बघितलं. मग दाराबाहेर ताटकळलेल्या सात जणांना त्यांनी आत बोलावलं, मावशीभोवती उभं केलं, आणि नखाचा रंग परत यायला किती वेळ लागतो ते प्रत्येकाने आपल्या हाताने दाबून बघा म्हणाले. राऊंड थांबला तर थांबू दे.